अंगणातला पाट

"आई, अजून थोडा पुढं घ्या. झावळी आड येतेय," मी ओटीवरून म्हणाले.

"तू चुलीकडं बघ. माला ठावा हाय ह्याचा तोंड कुठं करायचा ता," असं म्हणत सासूबाईंनी तो पांढरा पाट दोन्ही हातांनी उचलला आणि अंगणाच्या मोकळ्या कोपऱ्यात ठेवला. पदरानं त्याच्यावरचा पालापाचोळा झटकला, वायर ओटीवरच्या वायफायच्या डब्यात खोचली आणि पायरीवर जाऊन बसल्या. आता मुलगा दिसणार होता.

पाट म्हणजे उपग्रहावरून इंटरनेट घेणारी थाळी. थाळी नुसती म्हणायची. होती चौकोनी, सपाट, जेवायला बसायच्या पाटाएवढी. म्हणून आईंनी तिला पाट म्हणायला सुरुवात केली आणि मग आमच्या सगळ्या कारवेळ गावात तेच नाव रूढ झालं. गाव खाडीच्या तोंडाशी, मागं डोंगर, त्यामुळं मोबाइलचा टॉवर आमच्यापर्यंत पोचतच नव्हता. रेंज हवी तर वर सड्यापलीकडच्या गाडीतळावर जायचं. माझा नवरा रुपेश मालवाहू जहाजावर इंजिनखात्यात होता. जहाजाच्या माथ्यावरही अशीच एक थाळी होती. सुट्टीवर आला तेव्हा त्यानं हा संच घरी आणला. "प्रवासातही चालतो," म्हणाला आणि लगेच दाखवून दिलं. कुलदेवाला जाताना त्यानं तो गाडीच्या टपावर बांधला, बॅटरीला जोडला आणि वाटेत गावोगावचे लोक आम्हाला विचारत राहिले, ही सूर्यचूल केवढ्याला पडली?

पाटाची मागणी एकच. त्याला उघडं आकाश दिसलं पाहिजे. झाड, छप्पर, डोंगर, काहीही आड आलं की तो रुसायचा. ओटीसमोरचा जुना माड नेमका आड येत होता. रुपेश म्हणाला, "आबा, तोडू का?" माझे सासरे सुपारी कातरत होते. मान वर न करता ते म्हणाले, "नको." माड राहिला, पाट कोपऱ्यात गेला.

आबांविषयी सांगायला हवं. उभा जन्म त्यांनी जहाजावर काढला होता आणि बोलणं म्हणाल तर शिधा मोजून द्यावा तसं. "हो" हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. नको असेल तर ते "नको" म्हणायचे आणि तो विषय तिथंच मिटायचा. गप्प बसले, तर समजायचं की हो. या घरातली सगळी कामं त्यांच्या गप्प बसण्यावर चालायची. मला बघायला आले तेव्हा त्यांनी पोहे खाल्ले, चहा प्याले आणि एक अक्षर न बोलता निघून गेले. आम्ही पाटणकडची माणसं, घाटावरची. आमच्याकडं पसंती म्हणजे निदान चार वाक्यं. माझे वडील दोन दिवस तोंड पाडून बसले होते. मग रुपेशचा फोन आला, "बाबांना सांग, आबा गप्प बसले. म्हणजे पसंत आहे."

घरात मोबाइल आल्यावरही रीत बदलली नाही. रुपेश जहाजावरून आबांना मेसेज टाकायचा. आबांना वाचता यायचं, टाइप करायला बोटं वळायची नाहीत. मेसेजखालच्या दोन खुणा निळ्या झाल्या की आबांनी वाचलं, आणि त्यानंतर त्यांचा फोन आला नाही, तर ते त्यांचं हो. फ्रीज तसाच आला. विहिरीवरचा पंपही तसाच आला. मी रुपेशला चिडवायचे, "तुझ्या बापाचा कारभार निळ्या खुणांवर चाललाय." तो म्हणायचा, "मग तुझा संसार कशावर उभा राहिलाय?"

त्या दिवशी सकाळी तो स्क्रीनवर आला तेव्हा दाढी वाढलेली होती.

"झोपला नायस काय?" आईंनी विचारलं.

"डबल पाळी होती. आबा आहेत?"

आबा आईंच्या मागंच उभे होते. रुपेशनं त्यांना बघितलं आणि आवाज जरा खाली आणला. कंपनीला एका बंदराचा माल मिळाल्याची कुजबुज होती. जायची वाट वाईट पट्ट्यातून होती. त्या बाजूला लढाई पेटली होती आणि येणाऱ्याजाणाऱ्या जहाजांवर आभाळातून काहीही येऊन पडत होतं. दोन जहाजं जळाली होती.

"अजून नक्की नाही," तो म्हणाला. "नक्की झालं तर अलीकडच्या बंदरात विचारतील. ज्याला यायचं नाही त्याला सही करून उतरता येतं. पण उतरलेल्या माणसाला कंपनी पुन्हा बोलावते की नाही, ते कुणी सांगत नाही."

"उतर तू," मी म्हणाले.

"तू तर बोलशीलच. आबा?"

आम्ही सगळे आबांकडं बघायला लागलो. माझी अपेक्षा होती की ते गप्प बसतील. आणि मला भीतीही तीच होती, कारण गप्प बसले तर हो. आबा फोनच्या जवळ आले. पडद्यावरच्या मुलाकडं जरा वेळ बघत राहिले.

"इचारतील तवा कळव," ते म्हणाले. "मी सांगेन."

रुपेश हसायला लागला. "वृषा, ऐकलंस? आबा बोलणार म्हणतायत! आज तिथं सूर्य कुठून उगवला बघ जरा."

"आधीच सांगून टाका की आबा," मी म्हणाले.

"इचारू दे त्याला आधी," एवढं बोलून आबा वाडीला पाणी लावायला गेले.

तिथंच ते पोफळीला धरून खाली बसलेले आईंना दिसले. मी पोचले तेव्हा शर्ट घामानं चिंब होता आणि हात छातीवर होता. आबांचा धाकटा भाऊ, नानाकाका, शेजारच्याच घरात राहायचा. तो धावत आला. त्यानंही जहाजावर सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, म्हणून उमेद घालवली होती. माणूस खडा, आवाज दणदणीत. त्यानं इम्तियाजभाईला हाक मारली. इम्तियाजभाईची जीप हीच आमच्या गावची रुग्णवाहिका, वरात आणि एसटी. त्यानं मधली सीट काढून गादी टाकली.

आबांना आत आडवं केलं तर त्यांनी माझा हात धरला.

"पाट घे," ते म्हणाले.

"आबा, आधी दवाखान्यात जाऊ. पाट कशाला आता?"

"पाट घे. पोरगा इचारील."

नानाकाका भडकला. "वैनी, ह्याला काय तरी सांगा! जीव चाललाय आन् ह्याला फोन पायजे!" पण आबा हात सोडेनात. शेवटी आईंनीच पाट आणि त्याचा डबा उचलून आणला. इम्तियाजभाईनं तो टपावरच्या कॅरिअरला दोरीनं बांधला, वायर खिडकीतून आत घेऊन डबा गाडीच्या बॅटरीला जोडला. आबांचा फोन त्यांच्याच छातीवर ठेवला आणि आम्ही निघालो. आई माझ्या शेजारी बसल्या होत्या, आबांचे पाय मांडीवर घेऊन.

घाटात दोन्ही बाजूंनी ऐनाची, किंजळाची झाडं रस्त्यावर वाकलेली. पाटाला आकाश दिसेना. प्रत्येक वळणाला आबा डोळे उघडायचे.

"लागला?"

"झाडं आहेत आबा. वर सड्यावर गेलो की लागेल."

सडा आला. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं कातळाचं उघडं रान. नजर जाईल तिथवर काळा दगड आणि वर नुसतं आभाळ. तिथं आबांनी हातानं खूण केली. थांबव.

"थांबायचा नाय!" नानाकाका ओरडला. "इम्तियाज, चल!"

इम्तियाजभाईनं आरशातून आबांचा चेहरा बघितला आणि गाडी थांबवली. मी आबांचा फोन आणि माझा, दोन्ही हातात घेतले. डब्यावरचा दिवा लुकलुकला आणि स्थिर झाला. नेट आलं. माझ्या बहिणीचे फोटो आले, कुणाच्या तरी वाढदिवसाची फुलं आली. रुपेशचं दोन्हींवर काही नव्हतं.

"अजून काही नाही आलं, आबा."

त्यांनी मान हलवली. गाडी सुरू झाली. तालुक्याच्या इस्पितळाच्या फाटकात गाडी शिरली तेव्हा आबांचे डोळे उघडे होते, पण आईंनी त्यांच्या पायाला हात लावला आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "थंड लागतायत गो." डॉक्टर बाहेर आले, गाडीतच त्यांनी नाडी बघितली आणि स्टेथोस्कोप गळ्यातून काढून खिशात ठेवला.

आबांना तसंच गादीवर घेऊन आम्ही परत निघालो. आई रडत नव्हत्या. पाट टपावर तसाच बांधलेला होता. तो सोडायचं कुणाला सुचलंच नव्हतं. गाडी पुन्हा सड्यावर आली, आकाश उघडलं आणि माझ्या मांडीवरचा आबांचा फोन वाजायला लागला.

रुपेशचा व्हिडिओ कॉल. पडद्यावर त्याचा फोटो, दात दाखवून हसणारा, डोक्यावर पिवळं हेल्मेट. फोन थरथरत होता.

नानाकाका पुढून वळला. त्यानं हात लांबवून वायर धरली आणि खेचून काढली. डब्यावरचा दिवा विझला. फोन आणखी एकदा वाजला आणि थांबला.

"काका!"

"दर्यावरच्या मानसाला मरनाची खबर द्यायची नाय," तो म्हणाला. त्याचा दणदणीत आवाज कुठं गेला होता कोण जाणे. "त्याचं पाय जमिनीला लागू देत. मग मी सोता जाऊन सांगेन."

"आमच्याकडं मुलगा येईपर्यंत माती थांबवतात. त्याचा बाप गेलाय. त्याला कळायला नको?"

"तुमच्याकडं रस्ते हायत, वृषाली. रडत रडत मानूस घरी येतो. दर्याला रस्ता नाय." त्यानं वायर मुठीभोवती गुंडाळली. "आमच्या बोटीवर एक पोरगा व्हता. आय गेल्याची तार आली. कप्तानानं वाचून दावली. पोरगा बरं बोल्ला. जेवला. भांडी घासली. डेकवर वारा खाऊन येतो बोल्ला. परत कोनाला दिसला नाय. तवापासून मी बघतोय, आमच्या घरात ही रीत हाय. ह्यानंच पाळली, हा झोपलाय त्यानं. आमची आय गेली तवा ह्याला चार म्हयन्यांनी कळला. धक्क्यावर."

मी आईंकडं बघितलं. त्यांनी पदर तोंडावर धरला होता आणि त्या मान हलवत होत्या. नाना बोलतो ते बरोबर, अशी.

"तुला खोटा बोलता येल?" नानाकाकानं विचारलं. "तो रोज तोंड बघनार. आबा कुठं हायत, इचारनार. हसून सांगशील, झोपलेत म्हनून?"

मला ते जमलं नसतं. रुपेशला माझ्या भुवईवरून कळायचं की मी जेवले नाही. मी काही बोलले नाही. त्या घरात त्याचा अर्थ काय होतो ते मला ठाऊक होतं.

संध्याकाळच्या आत आबांना अग्नी दिला. नानाकाकानं दिला, मुलगा असून. पाट पडवीच्या कोनाड्यात उलटा करून ठेवला गेला. माझा, स्वतःचा, शेजारच्यांचे, असे वाडीतले सगळे फोन नानाकाकानं बंद करून पत्र्याच्या डब्यात घातले. न जाणो कुणाच्या तरी तोंडून निसटायचं. गाडीतळावर इम्तियाजभाईला रुपेशचा मेसेज आला होता, "घरी सगळं ठीक ना? पाट बंद दिसतोय." नानाकाकानं सांगितलं तसं त्यानं उत्तर दिलं, "सगळे बरे आहेत. गावात लाइट नाही." आमच्याकडं लाइट जाणं ही काही शंका घ्यायची गोष्ट नव्हती.

आबांचा फोन तेवढा कुणाला आठवला नाही; तो आईंनी आपल्या उशीखाली ठेवला होता. मेलेल्या माणसाला कोण फोन करणार?

तिसऱ्या दिवशी सकाळी नानाकाका आणि भावकीतले पुरुष राख सावडायला खाडीवर गेले. मी सुतकातली अंथरुणं-पांघरुणं घेऊन पऱ्ह्यावर, म्हणजे ओढ्यावर, धुवायला गेले. घरी आई एकट्याच होत्या. मी ओल्या कपड्यांचा पिळा खांद्यावर टाकून परत आले तेव्हा त्या पायरीवर बसल्या होत्या, रोज सकाळी बसायच्या तशाच. आबा गेल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांना पाणी होतं. मला बरं वाटलं. दगड होऊन बसलेलं माणूस बघवत नाही.

"मी रुपेशला बघितला," त्या म्हणाल्या.

"कुठं?"

"हसतोय."

मला वाटलं, झोप नाही, पोटात अन्न नाही, भास होत असतील. मी त्यांना जवळ घेतलं. पेज करून दिली, ती त्यांनी अर्धी प्यायली. मी पुढं काही विचारलं नाही.

त्यानंतरचे दिवस सुतकाचे जातात तसे गेले. माणसं येत होती, बसत होती, आबांच्या न बोलण्याच्या गोष्टी सांगून हसत होती आणि डोळे पुसत उठत होती. मी मनाशी बोलणी रचत होते. नानाकाका सांगणार म्हणाला होता, पण रुपेशला मीच सांगणार होते. त्याचं जहाज सुरक्षित बंदराला लागलं की. तो चिडेल, माझ्याशी बोलणार नाही, मग बोलेल. त्या पट्ट्याची आठवण आली की मी स्वतःला समजवायचे, नक्की झालेलं नाही, आणि झालं तरी तो आबांना विचारल्याशिवाय पाऊल उचलणार नाही. विचारणार कसा, हे माझ्या डोक्यात आलंच नाही असं नाही. आलं, आणि मी ते बाजूला सारलं. उत्तर मिळालं नाही तर माणूस थांबतो, अशी माझी घाटावरची समजूत होती.

दहावं व्हायच्या आत एका दुपारी इम्तियाजभाईची जीप अंगणात आली. हॉर्न न वाजवता आली. तो खाली उतरला आणि तिथंच उभा राहिला, चप्पल काढून, अनवाणी, तापलेल्या मातीत.

"नाना," तो म्हणाला, "कंपनीचा फोन आला होता माझ्यावर. रुपेशनं माझा नंबर देऊन ठेवलेला." नानाकाका त्याच्याजवळ गेला. इम्तियाजभाईनं त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून सांगितलं. जहाजाला आग लागली. वाईट पट्ट्यात. इंजिनरूममधली माणसं वर आलीच नाहीत.

मी धावले. कुठं, तर पडवीत. पाट उचलला आणि अंगणात नेऊन ठेवला, वायर डब्यात बसेना. माझ्या मनात एवढंच होतं की त्याला फोन लावायचा. कंपनीचं काय, कंपनीला काय ठाऊक, तो उचलेल आणि म्हणेल, वृषा, पाट का बंद ठेवलास? नानाकाका मला अडवायला आला नाही. डब्यावरचा दिवा लुकलुकून स्थिर झाला. माझा फोन नानाकाकाच्या पत्र्याच्या डब्यात कुलपात होता. मी आत गेले आणि आईंच्या उशीखालून आबांचा फोन काढला.

फोन हातात असतानाच दोनदा थरारला.

रुपेशचे मेसेज होते. वरचे तीन आधीच उघडलेले होते.

"आबा, नक्की झालं. तिकडंच चाललोय. आता अलीकडच्या बंदरात आहोत, उद्या दुपारपर्यंत सांगायचंय. उतरू का? तुम्ही सांगणार होता."

"पाट बंद आहे का? इम्तियाजभाई म्हणाला लाइट नाही."

"आबा, वाट बघतोय. उतरणाऱ्यांसाठी बोट येणार आहे. ती सुटायच्या आत सांगा."

आणि खालचे दोन, आत्ता येऊन पडलेले.

"निळं दिसलं. वाचलंत ना? थांबतो थोडा."

"बरं आबा. तुम्ही गप्प, म्हणजे हो. बोट गेली. जातो मी. आईला सांगू नका कुठं चाललोय ते."

मी त्या शेवटच्या मेसेजची तारीख बघितली. राख सावडली तो दिवस. मी पऱ्ह्यावर होते तो.

कोण वाचणार होतं? घरात वाचता येणारं कुणी नव्हतंच त्या सकाळी. होत्या त्या आई, ज्यांना अक्षर ओळखता येत नव्हतं. पण पाट कुठं ठेवायचा, वायर कुठं खोचायची आणि आबांच्या फोनमध्ये मुलाचे मेसेज उघडून वर कुठल्या गोल ठिपक्यावर बोट ठेवलं की त्याचं चित्र मोठं होतं, हे त्यांना पाठ होतं. मुलाचं चित्र पाटातूनच येतं, अशीच त्यांची समजूत होती. नानाकाकानं नको म्हटलेलं असूनही त्यांनी पाट कोनाड्यातून काढला, आकाशाकडं त्याचं तोंड केलं, फोन उघडला. मुलाला बघून घेतलं. आणि आपण चोरी केली असं वाटून सगळं पुन्हा होतं तसं ठेवून दिलं.

तिकडं दुसऱ्या थाळीखाली तो बसला होता. त्याला दोन निळ्या खुणा दिसल्या.

ओटीवरून आईंचा आवाज येत होता. नानाकाकानं त्यांना सांगितलं असावं. तो आवाज मी कुणाला ऐकवू शकत नाही आणि विसरूही शकत नाही. मी फोन हातात धरून आत उभी होते आणि माझ्या डोक्यात आबा होते, गाडीतले. नाडी बुडत असताना ते पाटासाठी माझा हात सोडत नव्हते. हो म्हणायला त्यांना पाट लागत नव्हता. हो म्हणायला त्यांना काहीच लागत नव्हतं, नुसतं गप्प पडून राहिलं असतं तरी झालं असतं. आबांनी पाट बरोबर घ्यायला लावला, कारण त्यांना बोलायचं होतं.

ते पाच मेसेज मी पुसून टाकले. नानाकाकाला सांगितलं नाही. तो आपल्या रीतीपायी आधीच खचून गेला होता. पुढं दोन वर्षांत तोही गेला, आणि शेवटपर्यंत अंगणातून जाताना त्या कोपऱ्याकडं त्यानं बघितलं नाही. रुपेशचा देह मिळाला नाही. माझं कुंकू कुणी पुसलं नाही; मीच एक दिवस लावायचं सोडलं. माहेरचे न्यायला आले होते. मी गेले नाही. आईंना टाकून कुठं जाणार, असं मी म्हणाले, आणि ते खरंही होतं. पण त्याहून खरं असं की त्यांच्याजवळ मी नसताना त्यांना कुणी काही सांगेल, याची मला धास्ती होती. ठाऊक फक्त मला होतं, तरीही.

आता डोंगरावर टॉवर उभा राहिलाय. पाट माळ्यावर आहे, आबांच्या जुन्या धोतरात गुंडाळलेला. 

मागच्या मे महिन्यात आम्ही दोघी ओटीवर कोकमं फोडत बसलो होतो. आईंना आता कमी दिसतं, पण हात चालतात. बोटं लाल झाली होती दोघींची. त्या बऱ्याच वेळानं म्हणाल्या,

"वृषाली, एक इचारू?"

"विचारा की."

"हे गेले तवा नानानं पाट बंद ठेवलान. मी एकदा लावला व्हता. तू धुवायला गेलीस तवा. ह्यांचा फोन उघडून रुपेशला बघितला न् लगेच बंद केला." त्यांनी हातातलं कोकम खाली ठेवलं. "त्यामुळं तर काय झाला नाय ना गो?"

काही न बोलता उठून जावं, चुलीवर काहीतरी ठेवलंय म्हणावं, असं मनात आलं. पण या घरात मी इतकी वर्षं काढली होती. मी गप्प बसले असते तर त्यांना उत्तर मिळालं असतं.

"नाही, आई," मी म्हणाले. "फोटो बघून काय होतंय?"

त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेनं जरा वेळ तोंड करून ठेवलं. मग कोकम पुन्हा उचललं.

"हसत व्हता," त्या म्हणाल्या.